घरातले वायफाय गोठ्यापर्यंत कसे पोचवावे?

(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमात कृषी विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेले भाषण)



आज मी पिकावर बोलणार नाही आणि खतावरही बोलणार नाही. आजचा विषय आहे घरातले वायफाय. विषय ऐकून काहींना वाटेल, शेतीखात्याच्या माणसाला ह्याच्याशी काय करावयाचे आहे? पण मंडळी, मी गावोगाव फिरतो तेव्हा एक तक्रार हमखास कानावर येते. "साहेब, पुढच्या खोलीत फोन झकास चालतो. मागच्या पडवीत गेलं, गोठ्यात गेलं, की नुसतं चाक फिरत राहतं." महिन्याचे पैसे तर सगळ्या घराचे भरलेले असतात. मग वायफाय एकाच खोलीपुरते का?

ह्या प्रश्नाकडे मी स्वतः फारसे लक्ष देत नव्हतो. लक्ष देणे मला कसे भाग पडले, ते आधी सांगतो.

ऑक्टोबर महिन्यातील गोष्ट आहे. आमच्याकडे सोयाबीनची काढणी जोरात चालू होती. दुपारी हवामान खात्याचा विजांसह पावसाचा इशारा आला. मी तो तातडीने शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. खाली लिहिले, "गंज्या झाकून घ्या." आपले काम झाले, असे मला वाटले. रात्री पाऊस झोडपून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका गावात गेलो. गावाच्या कडेला एका तात्यांचे घर आहे. घराच्या मागे खळे, त्याच्या पलीकडे गोठा. खळ्यावरची सोयाबीनची गंजी निथळत होती. ताडपत्री घडी घालून गोठ्याच्या आढ्याला तशीच टांगलेली होती.

मी म्हणालो, "तात्या, काल दुपारीच कळवलं होतं की!"

तात्या काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला. माझा निरोप त्यांना पोचला होता, पण पहाटे, पुढच्या ओसरीवर चहाला आल्यावर. आदल्या दिवशी दुपारपासून ते मागेच होते. आधी खळ्यावर, मग धारा काढायला गोठ्यात, रात्री मागच्या खोलीत झोपायला. त्या गावात मोबाईलची रेंज मुळातच तोकडी, आणि वायफाय पुढच्या खोलीच्या उंबऱ्यावर संपत होते.

आणखी एक गोष्ट कबूल करतो. आदल्या उन्हाळ्यात तात्यांनी मला ह्याबद्दल विचारले होते. मी चालता चालता सांगून टाकले होते, "एक बूस्टर आणून मागच्या खोलीत लावा." त्यांनी दीड हजार रुपये घालून तो आणला, लावला, आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. न पाहता औषध सांगितले, ती चूक माझी होती. पिकाच्या बाबतीत मी असे कधी करत नाही. पान बघितल्याशिवाय फवारणी सांगत नाही. इथे मात्र सांगून मोकळा झालो.

त्यानंतर मी ह्या विषयाची नीट माहिती करून घेतली आणि तात्यांच्या घरी एक सबंध सकाळ घालवली. तेथे जे शिकलो ते आज आपणांस सांगतो.

आधी दोष कोठे आहे ते पाहा

विहिरीची मोटर पाणी कमी देऊ लागली तर आपण लगेच नवी मोटर आणतो का? नाही. आधी विहिरीत पाणी आहे का बघतो, मग फुटव्हॉल्व्ह बघतो, मग पाइप कोठे फुटला आहे ते बघतो. इथेही तेच करावयाचे.

घरात बाहेरून जी तार येते तो झाला कालवा. भिंतीवरचा डबा, म्हणजे राउटर, ती झाली चारी. पाणी कालव्यातूनच कमी येत असेल तर चारी कितीही साफ करा, शेवटच्या वाफ्याला ते पुरणार नाही.

म्हणून पहिली तपासणी अशी करा. राउटरपासून दोन-तीन पावलांवर उभे राहा आणि फोनवर वेग मोजा. वेग मोजण्याची साधने फोनवर फुकट मिळतात. वेग मेगाबिटमध्ये दाखवतात. निरोप, बाजारभाव, हवामान ह्यांना एक-दोन मेगाबिट पुष्कळ झाले. पशुवैद्यकांना फोनवर जनावर दाखवायचे असेल तर दोन-तीन मेगाबिट लागतात. आता जेथे अडचण आहे तेथे जाऊन पुन्हा मोजा. राउटरजवळ वेग भरपूर आणि मागे नाही, तर दोष घरातला आहे. तो आपण स्वतः दूर करू शकतो. राउटरजवळसुद्धा वेग नाही, तर दोष बाहेरच्या तारेत किंवा जोडणी देणाऱ्याकडे आहे. अशा वेळी घरात काहीही विकत आणू नका. तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. ही मोजणी सकाळी एकदा आणि रात्री आठच्या सुमारास एकदा करावी. रात्री सगळे गाव एकदम नळ सोडते.

काचेच्या तारेची, म्हणजे फायबरची जोडणी असेल, तर डब्यावर "एल. ओ. एस." असे लिहिलेला एक दिवा असतो. तो लाल झाला तर बाहेरून येणारा उजेडच तुटला आहे असे समजावे. ही तार आतून काचेची असते. तिला काटकोनात मुरड घालू नये, खिळ्याला करकचून बांधू नये, धान्याच्या पोत्यांमागून नेऊ नये. उंदरांना ती आवडते.

वायफाय म्हणजे एक हाक

आता घरातल्या दोषाकडे वळू. वायफाय म्हणजे रेडिओच्याच लहरी. तुम्ही हे भाषण ज्या लहरींवर ऐकलेत, त्यांचीच ही धाकटी भावंडे. आकाशवाणीच्या मध्यम लहरींची लांबी शेकडो मीटर असते. वायफायची लहर असते अर्धी वीत, नाहीतर त्याहूनही आखूड. आकाशवाणीचे प्रक्षेपण केंद्र मोठे, त्याची शक्तीही मोठी, म्हणून त्याचा आवाज जिल्हाभर जातो. राउटरची शक्ती एका छोट्या दिव्याच्या मानानेही फारच थोडी. ती घरापुरतीच ठेवलेली असते.

मोकळ्या मैदानातसुद्धा अंतर दुप्पट झाले की जोर चौथाई होतो. वाटेत भिंत आली की आणखी कमी.

आणि हे बोलणे दोन्ही बाजूंनी असते. राउटर हाक मारतो आणि फोन "ओ" देतो. फोनचा आवाज राउटरपेक्षा बारीक असतो. म्हणून कधी कधी काय होतं, फोनवर वायफायच्या रेघा दिसतात, पण काम काही होत नाही. हाक ऐकू येते आहे, पण आपली "ओ" तिकडे पोचत नाही. दुकानदार म्हणतो, मोठ्या अँटेनाचा राउटर घ्या. तो मोठ्याने ओरडेल हे खरे, पण तुमच्या फोनचा आवाज त्याने वाढत नाही. हे ध्यानात ठेवा.

लहरींना काय अडवते?

पत्रा हा पहिला शत्रू. लोखंडी पत्र्यावरून ही लहर आरशावरच्या उजेडासारखी उलटते. पत्र्याची भिंत, पत्र्याचे शटर, लोखंडी कपाट, धान्याची लोखंडी कोठी ह्यांच्या मागे वायफायची सावली पडते. स्लॅबमध्ये सळई असते, म्हणून वरच्या मजल्यावर जोर कमी होतो. मोठ्या आरशाच्या पाठीलाही धातूचा लेप असतो.

दुसरा शत्रू पाणी. भरलेली पाण्याची टाकी, रांजण, ओली भिंत. जुन्या घरांच्या दगड-मातीच्या दीड-दोन हात जाडीच्या भिंती लहरींना आधीच जड जातात, आणि पावसाळ्यात त्या ओल धरतात. उभे पीकसुद्धा पाणीच आहे. एका शेतकऱ्याने मला विचारले, "उन्हाळ्यात घरचं वायफाय विहिरीवर मिळायचं, आता ऑगस्टमध्ये मिळत नाही. डबा खराब झाला काय?" डबा चांगला होता. मधल्या रानात ऊस पुरुषभर उंच झाला होता, आणि त्याच्या ओल्या पानांनी लहर गिळून टाकली होती.

वीट, लाकूड, कूड, कौल ह्यांतून मात्र लहर बऱ्यापैकी पार होते. उघड्या दारातून तर ती सहज जाते.

घर चालून पाहा

माती परीक्षणासाठी आपण शेतात फिरून ठिकठिकाणचे नमुने घेतो. तसेच घर चालून पाहावयाचे. एका कागदावर घराचा ढोबळ नकाशा काढा. पुढची खोली, माजघर, स्वयंपाकघर, पडवी, खळे, गोठा. जेथे काम पडते अशा प्रत्येक जागी उभे राहून वायफायचा जोर पाहा आणि कागदावर लिहा. हे काम शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना सांगा. ती हौसेने करतात.

ॲन्ड्रॉइड फोनवर हा जोर आकड्यात दाखवणारी साधने मिळतात. आकडा उणे असतो, त्याने गोंधळून जाऊ नका. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६७ पर्यंत फोनवर समोरासमोर बोलणे चालते. उणे ७० च्या पुढे अडखळायला लागते. उणे ८० च्या पलीकडे भरवसा नाही. १० आकडे खाली गेले म्हणजे जोर दहावा हिस्सा उरला, असा हिशेब आहे. आकडा दाखवणारे साधन नसेल तर निदान रेघा मोजा.

तात्यांच्या घरी आम्ही हे केले तेव्हा मजेशीर गोष्ट दिसली. राउटर पुढच्या खोलीच्या अगदी कोपऱ्यात, रस्त्याकडच्या भिंतीला, जमिनीपासून हातभर उंचीवर होता. तार जेथून आत आली तेथेच जोडणीवाल्याने खिळा ठोकला होता. पुढे घरच्यांनी त्याच्यासमोर लोखंडी कपाट आणून ठेवले. म्हणजे अर्धे वायफाय रस्त्यावर जात होते आणि उरलेले कपाटावर आपटत होते. रस्त्यावर उभे राहिले तर उणे ५५, आणि मागच्या खोलीत उणे ८६!

राउटरची जागा

मंडळी, ह्या भाषणातले सगळ्यात महत्त्वाचे वाक्य हेच: पैसे खर्च करण्याआधी राउटरची जागा बदलून पाहा.

राउटर घराच्या मध्यावर असावा, किंवा जेथे काम जास्त पडते त्या बाजूला सरकलेला असावा. उंची पुरुषभर, म्हणजे सहा-सात फूट. मात्र वरच्या पत्र्याला चिकटवू नये, पत्र्यापासून निदान दोन हात खाली ठेवावा. समोर कपाट, टीव्ही, कोठी, टाकी नको. कोनाड्यात किंवा पेटीत बंद करू नये, वर रुमाल घालू नये. त्याला उकाडाही सोसत नाही. चुलीची धग आणि धूर ह्यांपासून लांब ठेवावा. जाड भिंत मध्ये येत असेल तर दाराच्या चौकटीच्या रेषेत ठेवा, म्हणजे लहर भिंतीऐवजी दारातून जाईल.

राउटरला बाहेरून काड्या असतील तर त्या उभ्या ठेवा. उभ्या काडीतून लहर चहूबाजूंना आडवी पसरते, काडीच्या टोकाच्या दिशेने फारच थोडी जाते. माडीवरही हवे असेल तर एक काडी उभी आणि एक आडवी करा.

फायबरची काचेची तार मात्र आपण स्वतः ओढू नये. फायबरचा डबा आहे तेथेच राहू द्या. तेथून लॅन केबल टाकून राउटर मध्यावर नेता येतो. डबा आणि राउटर एकच असेल तर जोडणी देणाऱ्याला सांगून जागा बदलून घ्या.

तात्यांच्याकडे कपाट सरकवले आणि राउटर माजघराच्या दारावर, चौकटीच्या अंगाला बसवला. मागच्या खोलीत उणे ८६ होते, तेथे उणे ६४ झाले. खर्च झाला दोन खिळ्यांचा आणि थोड्या केबलीचा.

ज्यांच्याकडे तार नाही, सिमकार्डावर चालणारा राउटर आहे, त्यांनी एक जादा गोष्ट बघावी. त्या राउटरला आधी टॉवरची हाक ऐकू आली पाहिजे. म्हणून तो टॉवरच्या दिशेच्या खिडकीजवळ, शक्य तर माडीवर ठेवावा. चार जागा बदलून प्रत्येक ठिकाणी वेग मोजावा आणि सगळ्यात बरी जागा धरावी.

दोन वाटा: २.४ आणि ५

आताचे बहुतेक राउटर दोन वाटांनी बोलतात. एक २.४ गिगाहर्ट्झ, दुसरी ५ गिगाहर्ट्झ. फोनवर पुष्कळदा दोन नावे दिसतात आणि एका नावापुढे ५ असते. २.४ ची वाट बैलगाडीसारखी. सावकाश जाते, पण चिखलातून आणि भिंतीतून पार होते. ५ ची वाट मोटारसायकलसारखी. सडकेवर पळते, पण एका जाड भिंतीपाशी अडते. म्हणून राउटरच्याच खोलीत ५ वापरा. मागची खोली, अंगण, गोठा येथे २.४ वापरा. एवढा बदल केल्यानेच काहींची तक्रार मिटते.

दाट वस्तीत शेजाऱ्यांचे वायफाय एकमेकांत मिसळते. २.४ च्या वाटेवर १, ६ आणि ११ ह्या तीनच पाळ्या एकमेकींना न अडवणाऱ्या आहेत. शेजाऱ्याची ६ असेल तर आपण १ किंवा ११ घ्यावी. राउटरच्या सेटिंगमध्ये हे बदलता येते. शेतातल्या वस्तीवर, जेथे आसपास दुसरे घर नाही, तेथे ह्याची गरज पडत नाही.

बूस्टर केव्हा घ्यावा?

आता माझ्या चुकीकडे येतो. बूस्टर, म्हणजे वायफायचा रिपीटर, हा ऐकलेलेच पुन्हा बोलतो. ज्या खोलीत वायफाय पोचतच नाही तेथे तो लावला तर तो काय बोलणार? कोरड्या विहिरीवर मोटर बसवल्यासारखे झाले. बूस्टर लावायचा तर राउटर आणि अंधारी खोली ह्यांच्या अधेमधे, जेथे जोर अजून चांगला आहे, निदान उणे ६५ च्या आसपास आहे, अशा जागी लावावा.

दुसरे असे, की साधा बूस्टर एकाच तोंडाने ऐकतो आणि बोलतो. त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. निरोप आणि बाजारभाव पाहण्यासाठी तेवढा पुरतो. कॅमेरा चालवायचा असेल तर पुरेलच असे नाही. "मेश" नावाचे दोन-तीन डब्यांचे संच मिळतात, ते ह्याहून बरे. पण डबे ठेवण्याचा नियम त्यांनाही हाच.

बाजारात मोबाईल कंपनीच्या सिग्नलचा बूस्टर म्हणून आणखी एक वस्तू मिळते. ती निराळी. परवान्याशिवाय ती बसवणे बेकायदा आहे, आणि तिच्यामुळे गावातल्या इतरांची रेंज बिघडते. ती घेऊ नका.

गोठ्यापर्यंत तार न्यावी

गोठा, खळे, कांदाचाळ, कोंबड्यांचे शेड ही ठिकाणे बहुधा घरापासून सुटी आणि पत्र्याची असतात. तेथे भिंतींतून हाका मारत बसण्यापेक्षा तार नेलेली बरी. राउटरपासून गोठ्यापर्यंत लॅन केबल टाकायची आणि तेथे दुसरा, साधा राउटर लावायचा. घरात पडून असलेला जुना राउटरही चालतो. तो "ॲक्सेस पॉइंट" ह्या प्रकारावर लावून घ्यावा, म्हणजे दोन राउटरांत भांडण होत नाही. वेग पूर्ण मिळतो.

केबल घेताना तीन गोष्टी पाहा. पहिली, तार शुद्ध तांब्याची असावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबलही मिळते. मोटरीच्या वायंडिंगमध्ये तांबे आणि ॲल्युमिनियम ह्यांत काय फरक पडतो ते तुम्हांला सांगायला नको. दुसरी, उघड्यावरून न्यायची असेल तर बाहेरच्या वापराची काळ्या आवरणाची केबल घ्यावी. घरातल्या वापराची केबल उन्हाने तडकते. तिसरी, लांबी १०० मीटरच्या, म्हणजे सुमारे ३२८ फुटांच्या आत असावी. त्यापुढे ही केबल काम देत नाही.

केबल पाइपातून न्यावी. तात्यांकडे ठिबकची जुनी १६ मिलिमीटरची लॅटरल पडून होती. टोकाची क्लिप लावण्याआधी केबल तिच्यातून ओढून घेतली आणि वीतभर खोल पुरली. ती बैलाच्या पायाखाली येत नाही आणि उंदीरही चटकन कुरतडत नाहीत. विजेच्या वायरीच्या पाइपातून किंवा तिला चिकटून मात्र ही केबल नेऊ नये. निदान हातभर अंतर ठेवावे.

गोठा १०० मीटरहून लांब असेल तर फायबर टाकून घेता येते, किंवा एकमेकांच्या नजरेसमोर बसवायच्या छोट्या थाळ्यांची जोडी मिळते. एक घराच्या आढ्यावर, दुसरी तिकडे. मध्ये झाड येता कामा नये. हे काम जाणकाराकडून करून घ्यावे.

विहिरीवरच्या मोबाईल स्टार्टरबद्दल अनेकजण विचारतात. त्यात स्वतःचे सिमकार्ड असते. तो मोबाईल कंपनीच्या रेंजवर चालतो. घरचे वायफाय सुधारल्याने त्यात फरक पडणार नाही.

वीज गेल्यावर आणि वीज कडाडताना

लाइट गेली की राउटर बंद पडतो, आणि वादळाच्या वेळी लाइट हमखास जाते. नेमका त्याच वेळी इशारा हवा असतो. ह्यासाठी राउटरचा छोटा यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या ॲडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती ॲम्पिअर लिहिले आहे ते पाहा. बहुधा १२ व्होल्ट असते. तेवढ्याच व्होल्टचा यूपीएस घ्या. फायबरचा डबा निराळा असेल तर त्यालाही पुरवठा लागतो, हे विसरू नका. फवारणी पंपाची बॅटरी थेट जोडण्याचा खटाटोप काहीजण करतात. तो करू नये. व्होल्टचा मेळ बसला नाही किंवा वायर उलटी लागली, तर राउटर कायमचा जातो.

वीज कडाडू लागली तर राउटरची पिन काढा. गोठ्याकडे जाणारी तांब्याची केबलही दोन्ही टोकांना सोडवा. लांब तांब्याच्या तारेतून विजेचा झटका घरात शिरू शकतो. काचेच्या तारेतून वीज वाहत नाही, म्हणून जेथे विजा फार पडतात तेथे दोन इमारतींमध्ये फायबर जास्त सुरक्षित. मात्र वादळ डोक्यावर आल्यानंतर ह्या तारांना हात लावायला जाऊ नका. आभाळ भरून येतानाच हे काम करा. राउटर पुन्हा घेता येईल.

आणखी दोन गोष्टी

जेथे मोबाईलची रेंज घरात येत नाही, तेथे फोनच्या सेटिंगमध्ये "वायफाय कॉलिंग" चालू करा. बहुतेक नव्या फोनांत ही सोय आहे. मग साधा फोन वायफायवरून लागतो. बँकेचा ओटीपी येईना म्हणून फोन हातात धरून गच्चीवर चढावे लागते, तो त्रासही पुष्कळदा वाचतो.

वायफायचा पासवर्ड सोपा ठेवू नका आणि गावभर वाटू नका. आपल्या जोडणीवरून कोणी काही गैर केले तर चौकशी आपल्या नावावर येते. शेजाऱ्याला अडीनडीला द्यायचा तर जरूर द्या, पुढे तो बदलून टाका.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. राउटरजवळ वेग मोजा. तेथेच कमी असेल तर दोष बाहेरचा. तक्रार करा, खरेदी करू नका.
२. घर चालून पाहा आणि जोर कागदावर लिहा.
३. राउटर मध्यावर, उंचावर, मोकळा ठेवा. पत्रा, कपाट, पाण्याची टाकी ह्यांपासून दूर.
४. राउटरच्या खोलीत ५, लांब २.४.
५. बूस्टर अंधाऱ्या खोलीत लावू नका, वाटेत लावा.
६. सुट्या गोठ्याला तार न्या. तांब्याची, पाइपातून, १०० मीटरच्या आत.
७. यूपीएस ठेवा. वादळ येण्याआधी पिन आणि केबल सोडवा.

सरतेशेवटी पुन्हा तात्यांकडे येतो. त्या वर्षीची त्यांची सोयाबीन काळी पडली आणि भाव पडता मिळाला. तो तोटा मी भरून देऊ शकलो नाही. पण पुढच्या हंगामात मी पावसाचा इशारा टाकला, तेव्हा पाच मिनिटांत त्यांचे उत्तर आले. एकच शब्द होता, "झाकली." ते तेव्हा गोठ्यात धार काढत होते.

निरोप धाडला म्हणजे काम झाले असे मी पूर्वी समजत होतो. आता समोरच्याचे उत्तर आल्याशिवाय समजत नाही. तुम्हीही आज संध्याकाळी एवढे करा. फोन घेऊन घरातून गोठ्यापर्यंत एकदा चालत जा, आणि चाक कोठे फिरायला लागते ते पाहा. तेथूनच कामाला सुरुवात करावयाची.